जनसंपर्काची उमेदवारी

मुलगा किंवा मुलगी पदवीधर झाली म्हणजे सुशिक्षित घरात पुढील व्यवसायाचा विचार सुरू होतो. वैद्यकी, वकिली, शिक्षकी, बँकेतील नोकरी, स्पर्धा परीक्षा हे मार्ग सर्वांच्या परिचयाचे असतात. त्यांतील अडचणीही परिचयाच्या असतात. परंतु एखाद्या तरुणाने 'जनसंपर्काच्या व्यवसायात शिरावयाचे आहे' असे सांगितले, की वडीलमंडळी क्षणभर गोंधळात पडतात. कोणास वाटते, हे आल्यागेल्याचे हसतमुखाने स्वागत करण्याचे काम असावे. कोणास वाटते, धन्याची स्तुती वर्तमानपत्रांतून छापून आणणे एवढाच याचा अर्थ असावा. काहींचा तर असा ग्रह असतो, की पगार घेऊन खोटे बोलण्यास दिलेले हे एक सभ्य नाव आहे. हे तिन्ही समज अगदीच निराधार नाहीत. या धंद्यात तशी माणसे आहेत. तथापि ज्याला या क्षेत्रात आयुष्य काढावयाचे आहे त्याने मुळात हे काम कशासाठी निर्माण झाले ते आधी समजून घेणे इष्ट होय.

सांगली जिल्ह्यातील विटे या गावाचा दाखला यासाठी सोयीचा आहे. खानापूर तालुक्याचे हे मुख्य ठिकाण. पूर्वी तो सातारा जिल्ह्याचा भाग होता; १९४९ साली दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी माळरानाची. त्यामुळे येथील माणूस पोटासाठी बाहेर पडला. विटे, खानापूर, आटपाडी या भागांतील असंख्य कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईचा धंदा घेऊन हिंदुस्थानभर पसरली आहेत. उत्तरेकडील सराफ कट्ट्यांपासून तामिळनाडू-केरळपर्यंत जेथे सोन्याचा बाजार आहे तेथे जुने दागिने आटवून, त्यांतील हिणकस वेगळे काढून शुद्ध धातू परत करणारा हा मराठी माणूस भेटतो. आता यातील खरी गोष्ट पाहावी. ज्या सराफाला खानापूर तालुका कोठे आहे हेही ठाऊक नसते, तो आपले सोने या परक्या माणसाच्या मुशीत टाकतो. भाषा वेगळी, नातेगोते नाही. तरी विश्वास आहे. हा विश्वास एखाद्या फलकाने अगर जाहिरातीने मिळालेला नाही. टंच बरोबर निघाला, वजनात खोट आली नाही, आणि काही चुकले तर गलाईवाला गाव सोडून पळाला नाही, या अनुभवाने तो पिढ्यान्पिढ्या साचत गेला. मराठीत याला पत म्हणतात. जनसंपर्क हा या पतीचा कारभार होय. आणि धातू हिणकस असेल तर कारभाऱ्याच्या गोड बोलण्याने तो शुद्ध होत नाही, हे विट्याच्या मुलाला पुस्तकातून शिकण्याची गरज नसते.

परंतु जेथे गिऱ्हाईक समोरासमोर येत नाही, हजारो माणसांशी एकाच वेळी व्यवहार करावा लागतो, तेथे ही पत राखणार कशी? कारखाना, रेल्वे, नगरपालिका, बँक, रुग्णालय यांना हा प्रश्न पडतो, आणि त्यातूनच हा स्वतंत्र व्यवसाय जन्मास आला. महाराष्ट्रातील त्याचे एक फार चांगले उदाहरण विट्यापासून दूर नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानच्या अधिपतींकडून कुंडलजवळची जागा मिळवून १९१० साली तेथे कारखाना वसविला. तीच आजच्या पलूस तालुक्यातील किर्लोस्करवाडी. लक्ष्मणरावांच्या लोखंडी नांगराला आरंभी शेतकरी हात लावीत ना. लोखंडाने जमीन नासते असा पक्का समज होता. म्हणजे माल उत्तम, किंमत रास्त, गरजही खरी. अडचण होती ती समजाची. समज हा पदार्थ असा आहे की तो वादाने हटत नाही. शेजाऱ्याच्या शेतात नांगरट खोल झालेली डोळ्यांनी पाहिली म्हणजेच तो हलू लागतो.

याच कारखान्यातून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक निघू लागले. ते काढणारे शंकर वासुदेव किर्लोस्कर हे लक्ष्मणरावांचे पुतणे. हाताने चित्रकार, वृत्तीने संपादक. हेतू असा की कारखान्याची, तेथील मालाची व माणसांची बातमी गिऱ्हाइकांपर्यंत जावी. आज कोणत्याही मोठ्या कंपनीच्या जनसंपर्क खात्यात गृहपत्रिका म्हणून जी वस्तू काढली जाते तीच ही. परंतु बहुतेक गृहपत्रिका घरी येतात त्या न उघडताच रद्दीत जातात, आणि हे मासिक मात्र मराठी घराघरांत वाचले जाऊ लागले. कारण उघड होते. नांगराचे गुणगान महिन्यामागून महिने कोण वाचणार? शंकररावांनी वाचकाला काय हवे याचा विचार आधी केला. उद्योगधंदे, स्वावलंबन, आरोग्य, विज्ञान, समाजसुधारणा, कथा, व्यंगचित्रे यांना पाने मिळाली. पुढे नावातील 'खबर' हा शब्द गळून पडला आणि नुसते 'किर्लोस्कर' राहिले. १९३० साली 'स्त्री' व १९३४ साली 'मनोहर' ही भावंडे निघाली. एका आडबाजूच्या रेल्वे स्टेशनाच्या गावातून निघणाऱ्या या मासिकांनी मुंबई-पुण्याच्या वाचकांचे विचार घडविले. कारखान्याचा लौकिक वाढला तो त्या अनुषंगाने. नव्या उमेदवाराने जुन्या ग्रंथालयात जाऊन या मासिकाचे आरंभीचे अंक आणि वीस वर्षांनंतरचे अंक शेजारी ठेवून वाचावेत. कित्येक महिन्यांच्या वर्गात जे शिकविले जाते त्यातील बरेचसे तेथे आपोआप समजते.

आणखी एक नाव या संदर्भात सहसा घेतले जात नाही, ते घेणे योग्य होईल. कर्मवीर भाऊराव पाटील हे काही काळ किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते होते. त्या कामासाठी ते खेडोपाडी हिंडले. शेतकऱ्याशी त्याच्या बांधावर बसून बोलले. १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, आणि वसतिगृहांतील मुलांसाठी घरोघर मूठभर धान्य मागितले. मूठभर धान्याने कोठार भरले असेल-नसेल; पण ज्या घराने मूठ दिली त्या घराला ते वसतिगृह आपले वाटू लागले. विट्याचे बळवंत महाविद्यालय याच संस्थेचे आहे. लोकांकडून काही घेतल्याने लोक जवळ येतात, हा जनसंपर्कातील सूक्ष्म भाग मोठमोठ्या कंपन्यांना अद्याप नीट उमगलेला नाही.

या व्यवसायाला शास्त्राचे रूप अमेरिकेत आले. आयव्ही ली हा तेथील जुना वार्ताहर. १९०६ साली त्याने वर्तमानपत्रांना एक जाहीरनामा पाठविला, त्याचा मथितार्थ असा की आपले काम उघड्यावर चालेल, दिलेली माहिती अचूक असेल, आणि संपादकास हवी असल्यास अधिक चौकशीला मदत केली जाईल. त्याच वर्षी अटलांटिक सिटीजवळ पेन्सिल्वेनिया रेल्वेची गाडी पुलावरून पाण्यात कोसळली व पन्नासांहून अधिक माणसे दगावली. तोवर रेल्वे कंपन्यांची रीत अपघात झाकण्याची होती. लीने उलट वार्ताहरांना घटनास्थळी नेण्याची व्यवस्था करविली आणि कंपनीचे निवेदन स्वतःहून दिले. ही कथा प्रत्येक पाठ्यपुस्तकात असते. तिच्या पुढची कथा मात्र पुष्कळदा गाळली जाते, आणि उमेदवाराच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची आहे. १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे संपकरी खाणकामगारांच्या तंबूंवर हल्ला होऊन बायकामुले मृत्युमुखी पडली. खाणीचे मालक रॉकफेलर यांनी लीला नेमले. त्याने मालकांच्या बाजूची पत्रके देशभर वाटली. त्यांतील कामगार पुढाऱ्यांच्या मानधनाचे आकडे खोटे ठरले. चौकशी आयोगापुढे त्याला कबूल करावे लागले की मालकांनी पुरविलेली माहिती त्याने पडताळून पाहिलीच नव्हती. पुढे हिटलरच्या जर्मनीतील आय. जी. फार्बेन या रासायनिक कारखान्यास सल्ला देण्याबद्दल १९३४ साली अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे त्याची चौकशी झाली, आणि त्याच वर्षी तो वारला. अचूकतेचा जाहीरनामा लिहिणाऱ्या माणसाची ही अखेर. त्याला फसविले ते शत्रूने नव्हे. त्याच्या पगार देणाऱ्यांनी दिलेल्या कागदाने.

आपल्याकडे रेल्वेनेच या कामात पुढाकार घेतला. जी. आय. पी. रेल्वेने १९२० नंतरच्या दशकात विलायतेत प्रवाशांसाठी प्रचार केला, व येथे जत्रायात्रांतून फिरता सिनेमा दाखविला. टाटा उद्योगसमूहाने १९४३ साली मुंबईच्या मुख्य कचेरीत जनसंपर्काचे स्वतंत्र खाते उघडले. १९५८ साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली आणि १९६८ साली दिल्लीच्या परिषदेत तिने व्यवसायाची नीतिसंहिता स्वीकारली. संहिता आहे, पण वैद्यकाला अगर वकिलाला लागते तशी सनद येथे लागत नाही. त्यामुळे दार सर्वांना उघडे आहे, आणि आत शिरलेल्या भोंदूला बाहेर काढण्याची सोयही नाही. हा या धंद्याचा मोठा दोष होय.

प्रत्यक्ष काम काय असते? बव्हंशी लिहिण्याचे. हसतमुखाने बोलणे हा त्याचा लहान भाग. समजा, एखाद्या नगरपालिकेची पाण्याची मुख्य वाहिनी फुटली. अननुभवी माणूस निवेदन लिहितो ते असे : 'काही अपरिहार्य तांत्रिक कारणास्तव शहराचा पाणीपुरवठा विस्कळीत झाला असून नागरिकांनी सहकार्य करावे.' यात एकही शब्द खोटा नाही आणि एकही उपयोगाचा नाही. गृहिणीला हवे असते ते असे : वाहिनी कोठे व केव्हा फुटली, कोणत्या पेठांत पाणी येणार नाही, किती दिवस, तोवर टँकर कोणत्या चौकात किती वाजता येईल, आणि तक्रार कोणाकडे करावयाची. हे पाच मुद्दे मिळविण्यासाठी निवेदन लिहिणाऱ्याला अभियंत्याकडे जावे लागते. अभियंता म्हणतो, 'दोन दिवस लिहा.' अनुभवी मनुष्य विचारतो, 'साहेब, सुटा भाग गावात आहे की पुण्याहून यावयाचा आहे?' तो पुण्याहून यावयाचा असेल तर तीन दिवस लिहावेत आणि दुसऱ्याच दिवशी पाणी सोडून लोकांचा दुवा घ्यावा. दोन दिवस लिहून चौथ्या दिवशी पाणी आले, तर पुढील दहा निवेदनांवर कोणी विश्वास ठेवीत नाही. साहेबाला असा प्रश्न विचारण्याचे धैर्य ज्याच्या अंगी नाही त्याने या वाटेस जाऊ नये.

सांगलीच्या पुराने हीच गोष्ट अधिक भयंकर रीतीने शिकविली. कृष्णेचे पाणी आयर्विन पुलापाशी फुटांत मोजतात. ४० फूट ही इशाऱ्याची पातळी, ४५ फूट धोक्याची. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेले. अशा वेळी कोयनेतून किती पाणी सोडले, अलमट्टीतून किती जाते, पाणी उद्या चढणार की उतरणार, याविषयी खऱ्याखोट्या वार्तांचा पाऊस नदीच्या पाण्याहून वेगाने पसरतो. मोबाइलवर आलेली पाच वर्षांपूर्वीची चित्रफीत आजची म्हणून फिरते. शासकीय माहितीच्या कामात असलेल्या माणसाचे कर्तव्य त्या क्षणी एवढेच असते : आकडा, त्याची वेळ, आणि तो कोणी मोजला हे नेमाने सांगत राहणे. सांगण्यासारखे नवे काही नसले तरी ठरलेल्या वेळी तसेही सांगावे. कारण अधिकृत आवाज गप्प झाला की ती जागा अफवा घेते. घाबरट होऊ नये म्हणून आकडा कमी करून सांगण्याचा मोह फार मोठा असतो. पण खालच्या मजल्यावरील कुटुंबाने सामान वर न्यावयाचे की म्हातारी माणसे घेऊन घर सोडावयाचे, हे त्या आकड्यावर ठरत असते. तेथे एका फुटाची लबाडी ही जिवाशी गाठ होय.

सुदैवाने सर्वच प्रसंग इतके कठीण नसतात. २०२१ च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी वस्तीच्या शहरांत विट्याचा देशात पहिला क्रमांक आला. लोणावळा व सासवड त्याच्या मागे राहिली. असा मान झाडूवाल्यांच्या श्रमाशिवाय मिळत नाही, हे तर खरेच. पण ओला कचरा व सुका कचरा घरातच वेगळा करावयास हजारो स्वयंपाकघरांना राजी करावे लागते, त्याशिवायही तो मिळत नाही. ज्या गृहिणीने आयुष्यभर एकच डबा दारात ठेवला तिने दोन का ठेवावेत? दंडाच्या धाकाने चार दिवस ठेवील. घंटागाडीवाल्याने तिच्यादेखत दोन्ही डबे एकाच ठिकाणी ओतले, तर पाचव्या दिवशी ती दुसरा डबा धान्याला लावील, आणि मग कितीही पत्रके वाटली तरी व्यर्थ. म्हणून जनसंपर्काचे काम करणाऱ्याने आधी घंटागाडीबरोबर हिंडावे व मग पत्रक लिहावे.

आता शिक्षणाविषयी. या व्यवसायासाठी कोणतीही पदवी चालते. अर्थशास्त्र अथवा विज्ञान शिकलेला उमेदवार पुष्कळदा अधिक उपयोगी पडतो, कारण त्याला आकडे वाचता येतात. पदवीनंतर पत्रकारितेचा वा जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम करावा. विट्याकडील मुलांना कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ जवळचे. पुण्यास विद्यापीठाचा रानडे इन्स्टिट्यूटमधील विभाग आहे. मुंबईस भारतीय विद्या भवनात जनसंपर्काचे शिक्षण मिळते. दिल्लीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मास कम्युनिकेशन या १९६५ साली स्थापन झालेल्या संस्थेत जाहिरात व जनसंपर्क हा विषय स्वतंत्रपणे शिकविला जातो आणि तिचे एक केंद्र अमरावतीस आहे. सरकारी नोकरीची इच्छा असेल त्याने माहिती व जनसंपर्क महासंचालनालयातील पदांकडे लक्ष ठेवावे. जिल्हा माहिती अधिकाऱ्यासारख्या जागा महाराष्ट्र लोकसेवा आयोगामार्फत भरल्या जातात; पात्रतेच्या अटी त्या त्या वेळच्या जाहिरातीत बारकाईने वाचाव्यात, ऐकीव माहितीवर विसंबू नये. २००५ चा माहिती अधिकाराचा कायदाही मुळातून वाचावा. सार्वजनिक कचेऱ्यांनी कोणती माहिती मागितल्याशिवाय जाहीर करावी, हे त्यात दिले आहे आणि ज्यांच्यावर ते बंधन आहे त्यांतील कित्येकांनी तो वाचलेला नसतो.

वर्गातील शिक्षणापेक्षा उमेदवारी मोठी. ती गावातच सुरू करता येते. विट्यास यंत्रमागधारक आहेत. विजेचा दर वाढला की त्यांचे गाऱ्हाणे उठते, पण ते चार ओळींत मुद्देसूद मांडणारा कोणी नसतो. सहकारी बँक आहे, दवाखाने आहेत, शाळेचे स्नेहसंमेलन आहे, ग्रंथालयाचा वर्धापनदिन आहे. यांपैकी एखाद्या संस्थेचे वर्षभराचे लेखनकाम अंगावर घ्यावे. तालुक्याच्या वार्ताहराला भेटावे. त्याच्याबरोबर बाजार समितीत, पंचायत समितीत बसावे. कोणती बातमी छापली जाते व कोणती टोपलीत जाते, हे त्याच्याइतके कोणी सांगू शकत नाही. सांगलीचे आकाशवाणी केंद्र १९६३ पासून आहे. कानाने ऐकावयाचे लेखन डोळ्यांनी वाचावयाच्या लेखनाहून किती वेगळे असते, ते शिकण्यास रेडिओसारखी दुसरी शाळा नाही. वर्तमानपत्रात दोन वर्षे काढता आली तर फारच उत्तम. संपादकाची गरज काय, हे ज्याला माहीत नाही तो त्याला नुसता त्रास देत राहतो.

भाषेकडे पालकांनी विशेष लक्ष द्यावे. इंग्रजी आले की झाले, असा शहरी घरांतून समज आहे. पुण्यामुंबईच्या सल्लागार कंपन्यांत इंग्रजीवाचून चालत नाही, हे खरे. परंतु तेथे मुंबईत लिहिलेले इंग्रजी निवेदन यंत्राकडून अगर घाईने मराठीत करून जिल्हापत्रांकडे जाते, आणि ते कोणालाच समजत नाही. खानापूर तालुक्यातील शेतकऱ्याला कळेल व वृत्तसंपादकाला कापावे लागणार नाही, असे मराठी लिहिणारा माणूस तेथे दुर्मिळ असतो; त्याच्या त्या गुणाची किंमत आरंभी कोणी सांगत नाही, ती त्याने स्वतः मागून घ्यावी. मुलींना हे क्षेत्र चांगले आहे. मात्र काही ठिकाणी जनसंपर्काच्या नावाखाली त्यांना स्वागतकक्षात बसवून ठेवतात. नोकरी स्वीकारण्यापूर्वी 'निवेदने कोण लिहितो आणि व्यवस्थापकाच्या बैठकीला कोण बसतो?' एवढे विचारावे. उत्तरावरून जागेची खरी ओळख पटते.

आरंभीचा पगार बेताचा असतो, वेळेचा नियम नसतो, आणि संकट नेहमी रविवारी येते. पहिल्या दोनतीन वर्षांत एखादा तरी असा कागद हाती येतो की जो खरा नाही अशी शंका असते आणि वरिष्ठ म्हणतात, 'सही करून पाठवून द्या.' त्या दिवसाची तयारी आधीपासून असावी. प्रत्येक आकड्यापुढे तो कोणी, केव्हा दिला याची नोंद स्वतःच्या वहीत ठेवण्याची सवय पहिल्या आठवड्यापासून लावावी. शंका असेल तर ती लेखी विचारावी, नम्रपणे विचारावी, आणि उत्तर येईपर्यंत निवेदन रोखून धरावे. पुष्कळ वेळा वरिष्ठालाही तो आकडा दुसऱ्याच कोणीतरी दिलेला असतो व प्रश्न आल्यावर तो स्वतः चौकशी करतो. न केली, तर दुसरी नोकरी शोधावयास लागावे. आणि त्या मुलाखतीस जाताना, तोवर छापून आलेल्या निवेदनांच्या कात्रणांची वही बरोबर न्यावी, त्यातील ज्यांची जबाबदारी मनापासून घेता येईल तेवढीच चिकटविलेली.